सर शिकवत कसे, हे कोण लिहिणार?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

१९७५ साली जुन्या अभ्यासक्रमाची अकरावी आणि नव्या आकृतिबंधाची पहिली दहावी अशा दोन तुकड्या महाराष्ट्रात एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसल्या. त्याला पन्नास वर्षे झाल्याच्या निमित्ताने अनेक शाळांत माजी विद्यार्थ्यांचे मेळावे भरले आणि त्यांचे वृत्तान्त, त्यांतील आठवणी आपल्या वृत्तपत्रासह इतरत्रही प्रसिद्ध होत राहिल्या. मी त्या अकरावीच्या तुकडीतला. पुण्यातील पेठेतल्या, त्या काळी फक्त मुलांसाठी असलेल्या एका मराठी शाळेत मी पाचवीपासून अकरावीपर्यंत शिकलो. आमच्याही तुकडीचा मेळावा झाला, त्याला मी आवर्जून गेलो आणि त्या दिवशी मनात आलेली एक गोष्ट आपल्या वाचकांसमोर मांडावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

या सगळ्या आठवणी मी मनापासून वाचल्या. त्या लिहिणाऱ्यांच्या जिव्हाळ्याविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु वाचता वाचता एक उणीव फार जाणवू लागली. बहुतेक आठवणींत शिक्षक दोनच रूपांत भेटतात. एक तर ते छडी घेऊन उभे असतात, नाहीतर त्यांचा उल्लेख ‘देवमाणूस’ या एका शब्दात उरकलेला असतो. मधली चाळीस मिनिटे, म्हणजे घंटा होऊन सर वर्गात आल्यापासून पुढची घंटा होईपर्यंत ते नेमके काय करीत होते, कोणती गोष्ट कोणत्या क्रमाने सांगत होते, मुलगा चुकला तर त्याला कुठून परत आणत होते, याविषयी जवळजवळ कोणीच लिहीत नाही. आम्ही त्यांच्याकडे गेलो ते शिकायला, आणि पन्नास वर्षांनी नेमके शिकवणेच आमच्या आठवणींतून गळून गेलेले आहे.

आमचा मेळावाही याला अपवाद नव्हता. जुन्या सभागृहात खुर्च्या मांडल्या होत्या, तुकडीनिहाय बसायचे ठरले होते आणि तरीही ‘ड’ तुकडीतली मुले पूर्वीप्रमाणे मागच्या रांगांत जाऊन बसली. दिवंगत शिक्षकांना आणि सोबत्यांना श्रद्धांजली वाहून झाली आणि मग एकेक जण उठून बोलू लागला. ओल्या वेताची छडी, हाताच्या पंजावर उलटी मारलेली फूटपट्टी, फळ्यावरून भिरकावलेले डस्टर, वर्गाबाहेर धरलेले अंगठे. सांगणाऱ्यांचे चेहरे उजळलेले होते आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी तेच वाक्य येत होते: ‘सरांनी मारले म्हणून आम्ही घडलो.’ मग एकाने एका भाषाशिक्षकांची नक्कल केली. आमच्या वर्गात एक मुलगा बोलताना अडखळत असे. ते शिक्षक त्याला मुद्दाम उभे करून पाठांतर म्हणायला लावीत आणि तो अडखळला की तसेच अडखळत बोलून दाखवीत. नक्कल हुबेहूब होती आणि सभागृह हसले. तो मुलगा, आता सदुसष्ट वर्षांचा गृहस्थ, सभागृहातच बसला होता. तो शांतपणे उठला आणि व्हरांड्यात जाऊन उभा राहिला.

मी त्याच्या मागोमाग गेलो. पन्नास वर्षांपूर्वी त्या वर्गात मीही हसलो होतो, हे मला त्याला सांगायचे होते आणि मी ते सांगितले. मुलांच्याच शाळेत कोणी दुखावला गेला तर ते दिसू न देण्याची आम्हांला सवयच लागलेली होती. आमच्यापैकी एकानेही तेव्हा त्याच्याजवळ जाऊन चार शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. तो रागावलेला नव्हता. तो म्हणाला, ‘अरे, मी आज आलो तो भूमितीच्या सरांसाठी. त्यांच्याविषयी कोणीतरी बोलेल असे वाटले होते.’ मग त्याने जे सांगितले ते मला सात वर्षे एका बाकावर बसूनही ठाऊक नव्हते. भूमितीच्या सरांनी त्याला कधीही तोंडी प्रश्न विचारला नाही. त्याची पाळी आली की ते काही न बोलता खडू पुढे करीत. तो फळ्यापाशी जाई, सिद्धतेची पुढची ओळ लिही, तिचे कारण कंसात लिही आणि जागेवर येऊन बसे. इतर मुलांना यात काही वेगळे वाटू नये म्हणून सर मधूनमधून दुसऱ्याही दोघातिघांच्या हातात खडू देत. आपल्याला खडू का मिळतो हे त्याला आठवीत कळले नव्हते, ते पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

त्या भूमितीच्या सरांविषयी मला जे आठवते ते मी येथे थोडे सविस्तर लिहितो, कारण माझे म्हणणे त्यातूनच स्पष्ट होईल. सर वर्गात आले की फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात वरून खाली चार शब्द लिहीत: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. मग आकृती काढीत. समद्विभुज त्रिकोण असला तरी ते तो कधीही सरळ, पाया आडवा धरून काढीत नसत. तो नेहमी एका अंगावर कललेला, कधी चक्क शिरोबिंदू खाली असलेला असे. आम्हांला त्याचे हसू येई. परंतु पुस्तकातील आकृती डोळ्यांसमोर धरून सिद्धता पाठ म्हणणाऱ्या मुलाची त्या कललेल्या त्रिकोणापुढे गाडी अडे, कारण त्याला पाया कोणता आणि बाजू कोणत्या, हे पहिल्यांदाच स्वतः पाहावे लागे. दुसऱ्या दिवशी तेच प्रमेय पुन्हा येई, पण अ, ब, क या अक्षरांच्या जागी त, थ, द आलेले असत. मग वर्गातला एकेक मुलगा सिद्धतेची एकच ओळ सांगे. ओळ बरोबर असली तरी सर एकच शब्द उच्चारीत: ‘कारण?’ आणि थांबत. ते थांबणे मला आजही ऐकू येते. कारण देता आले नाही तर ते ती ओळ पुसून टाकीत. मुलाला रागावत नसत, नुसती ओळ पुसत, आणि पुढच्या मुलाला तिथूनच सुरुवात करावी लागे. त्यांनी कोणावर हात उगारल्याचे कोणालाच आठवत नाही आणि मला वाटते म्हणूनच त्यांच्याविषयी सांगण्यासारखा ‘किस्सा’ कोणाजवळ नव्हता. मी पुढे हिशेब तपासनीस म्हणून पस्तीस वर्षे नोकरी केली. समोर आलेल्या प्रत्येक आकड्याला मी मनातल्या मनात तोच एक शब्द विचारीत आलो.

छडीने मुले घडली, या समजुतीविषयी मला स्पष्ट लिहिले पाहिजे. मार देणारे सगळे शिक्षक वाईट होते, असे मी म्हणणार नाही. एकेका वर्गात साठ-पासष्ट मुले कोंबलेली असत आणि मार हे त्या काळी घरीदारी सर्वमान्य साधन होते. परंतु आम्ही घडलो असू तर ते मारामुळे नव्हे, त्यांच्यापैकी काहींना उत्तम शिकवता येत होते म्हणून. ज्यांना मार सोसला नाही ते नववीतच शाळा सोडून गेले आणि ते मेळाव्याला येत नाहीत, त्यामुळे त्यांची साक्ष कोणी ऐकत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्यांचा मानसिक छळ करण्यास मनाई केलेली आहे. आजच्या एखाद्या तरुण शिक्षकाने आमच्या आठवणी वाचल्या तर त्याला त्यांतून एवढेच कळेल की पूर्वी मारता येत होते आणि आता येत नाही. त्याच्या कामाची गोष्ट, तो कललेला त्रिकोण, त्याला कोण सांगणार?

मराठीच्या सरांची एक खूण माझ्याजवळ लेखी शिल्लक आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही नववीत होतो आणि सरांनी ‘दुष्काळ’ याच विषयावर निबंध लिहून आणण्यास सांगितले होते. ती निबंधाची वही माझ्या आईने जपून ठेवली म्हणून माझ्याकडे आहे. मी भेगाळलेली जमीन, आकाशाकडे डोळे लावून बसलेला शेतकरी, हाडांचा सापळा झालेली गुरे असे दीड पान ओळीने लिहिले होते. सर लाल शाई वापरीत नसत. शिशाच्या पेन्सिलीने ते शुद्धलेखनाच्या चुकीखाली एक रेघ आणि वाक्यरचनेच्या चुकीखाली दोन रेघा ओढीत. चूक कोणती ते लिहीत नसत, ती आम्ही शोधून सुधारून पुन्हा दाखवायची असे. माझ्या त्या दीड पानात एकही रेघ नाही. फक्त समासात बारीक अक्षरात लिहिलेले आहे: ‘हे तू पाहिलेस का? जे पाहिलेस ते लिही.’ मी पुण्याबाहेर फारसा गेलेलोच नव्हतो. मी दुसऱ्यांदा निबंध लिहिला तो रेशनच्या दुकानात मिळणाऱ्या लाल मिलोचा. ती ज्वारी आई कशी निवडत असे, तिची भाकरी थापताना कशी कडेने तुटे आणि माझ्या धाकट्या बहिणीने ती खायला नकार दिला तेव्हा वडील काहीच न बोलता ताटावरून कसे उठले, ते मी लिहिले. त्या निबंधाखाली नऊ रेघा आहेत आणि शेवटी ‘आता बरोबर’ असे दोन शब्द आहेत. वाङ्मय म्हणजे काय, यावर मी पुढे पुष्कळ व्याख्याने ऐकली, पण समासातल्या त्या दोन ओळींइतके कशानेच मला शिकवले नाही.

शाळेत बाई तीन-चारच होत्या. पाचवीत इंग्रजीची पहिली ओळख करून देणाऱ्या बाई कागदाची पातळ पट्टी ओठांसमोर धरून ‘पेन’ हा शब्द उच्चारीत आणि पट्टी फडफडे. मग आम्हांला तसेच करायला लावीत. आपल्या ‘प’ने पट्टी हलत नाही, हे आम्हांला खेळता खेळता कळले. एवढी साधी युक्ती आज किती शिक्षकांना माहीत असेल?

ही केवळ आमच्या शाळेची गोष्ट नाही. १ जानेवारी १८८० रोजी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू झाले. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी शाळेतील नोकरी सोडून आले होते. त्यांच्याबरोबर टिळक आणि नामजोशी होते, पाठोपाठ वामन शिवराम आपटे आणि आगरकर आले आणि पुढे गोखलेही तेथे शिकवू लागले. महाराष्ट्राच्या इतिहासात एका शिक्षकखोलीत इतकी मोठी माणसे क्वचितच एकत्र बसली असतील. त्यांचे अग्रलेख, त्यांचे वाद, त्यांची भाषणे आपल्याला माहीत आहेत. पण टिळक गणिताचा तास कसा घेत, आगरकर वर्गात प्रश्न कसा विचारीत, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? गोखल्यांनी एका सहकारी शिक्षकाबरोबर तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक छापले गेले, आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० साली प्रसिद्ध झाला, म्हणून त्यांच्या शिक्षकपणाचा तेवढा पुरावा टिकला. जे छापले किंवा लिहिले गेले नाही, ते त्या त्या वर्गातील मुलांबरोबर संपले.

टिळकांच्या शाळकरी वयातील दोन गोष्टी तर घराघरांत सांगितल्या जातात. ‘संत’ हा शब्द त्यांनी तीन प्रकारे लिहिल्याची एक आणि शेंगांची टरफले उचलण्यास नकार दिल्याची दुसरी. या गोष्टी जशाच्या तशा घडल्या की सांगता सांगता घडत गेल्या, हा प्रश्न येथे मी बाजूला ठेवतो. माझे लक्ष जाते ते त्यांतील शिक्षकांकडे. दोन्ही गोष्टींत शिक्षक आहेत ते मुलाच्या बाणेदारपणाला विरोध करण्यापुरते. त्यांचे नाव गोष्ट सांगणाऱ्या कोणालाच सांगता येत नाही. त्याच शिक्षकांपैकी कोणीतरी टिळकांना अंक आणि अक्षर शिकवले असेल, परंतु त्याची गोष्ट झाली नाही. आम्ही माजी विद्यार्थी आजही नकळत त्याच साच्यात बोलतो: मुलगा हुशार किंवा खोडकर, सर कडक, आणि शेवटी टाळ्या.

मेळाव्याच्या दिवशी आम्ही काही जण शाळेच्या ग्रंथालयात गेलो होतो. आमच्या वेळी शाळेचा दरवर्षीचा हस्तलिखित अंक निघत असे. चित्रकलेचे सर मुखपृष्ठ रंगवीत, सुवाच्य अक्षराची चार मुले निवडून त्यांच्याकडून लेख लिहून घेतले जात आणि अंक कापडी पुठ्ठ्यात बांधला जाई. असे निदान वीस-बावीस अंक कपाटात असल्याचे मी स्वतः पाहिलेले आहे. आता त्यांपैकी चार उरले आहेत आणि त्यांतल्या दोहोंना वाळवी लागली आहे. बाकीचे केव्हा आणि कुठे गेले, हे तेथे कोणालाच ठाऊक नव्हते. मी यासाठी कोणाला दोष देत नाही, कारण त्या पन्नास वर्षांत आमच्यापैकी एकानेही त्या कपाटाची चौकशी केलेली नव्हती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत असत. शाळेतील एक शिक्षक रोज मुलांसाठी स्वतःच्या हाताने लिहितो, हे आज वाचतानाही ऊर भरून येतो. अशा लेखनाचे कागद ज्या ज्या शाळांत अजून असतील, तेथे ते मोजून, नोंदवून, कोरड्या जागी ठेवले गेले पाहिजेत.

या सगळ्याला आता फार वेळ उरलेला नाही. आमच्या शिक्षकांपैकी हयात असलेले दोघेतिघे नव्वदीच्या आसपास आहेत आणि आम्ही विद्यार्थीही सत्तरीच्या उंबरठ्यावर आलो आहोत. मेळाव्यांत निधी जमतो, त्यातून शाळेला संगणक, पाण्याची टाकी किंवा पंखे दिले जातात, ते द्यावेतच. माझी एवढीच विनंती आहे की जमलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या एका शिक्षकाचा एक तास, आठवेल तितका, तपशिलासह लिहून शाळेला द्यावा. सर ‘प्रेमळ होते’ हे लिहू नये. फळ्यावर आधी काय लिहीत, कोणता प्रश्न विचारीत, उत्तर चुकल्यावर काय करीत, वही कशी तपाशीत, कोणते उदाहरण वारंवार देत, हे लिहावे. दुखावले गेले असेल तर तेही लिहावे, कारण तोही त्या वर्गाचाच इतिहास आहे. जुन्या वह्या, प्रश्नपत्रिका, प्रगतिपुस्तके घरात असतील तर ती रद्दीत जाण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. समासात काहीतरी लिहिलेले सापडेल. वर्गाची छायाचित्रे तर जवळपास प्रत्येकाकडे असतात. त्यांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहून ठेवावीत. पुढच्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या सरांचे नाव सगळ्यांना माहीत असते, पण कडेला उभ्या असलेल्या शिपाईमामांचे नाव आमच्या छायाचित्रावर आम्हां अकरा जणांपैकी एकालाच सांगता आले, आणि सात वर्षे आमची प्रत्येक घंटा त्यांनीच दिली होती.

शाळाचालकांनाही एक सांगणे आहे. माजी विद्यार्थी सत्काराची शाल आणि नारळ विसरून जातात. त्याऐवजी ग्रंथालयातील एक फळी अशा लेखनासाठी राखून ठेवावी आणि नव्याने रुजू होणाऱ्या शिक्षकाला ती पहिल्याच दिवशी दाखवावी. मराठी शाळांतील पटसंख्या घटत आहे, तुकड्या बंद होत आहेत, केवळ मुलांच्या असलेल्या काही शाळांत आता मुलीही शिकू लागल्या आहेत आणि हा शेवटचा बदल मला मनापासून स्वागतार्ह वाटतो. या उलथापालथीत इमारती बदलतील, कपाटे हलवली जातील आणि हलवाहलवीत काय हरवते, याचा अनुभव आम्ही नुकताच घेतला आहे.

मी स्वतः सुरुवात केली आहे. माझ्या त्या अडखळत बोलणाऱ्या मित्राकडे मी दर गुरुवारी जातो. तो सांगतो, मी लिहितो, आणि जेथे मला आठवत नाही तेथे तो माझ्या हातातून पेन घेऊन आकृती काढतो. आठवीतील सतरा प्रमेये सर कशी शिकवीत, ते आमच्या दोघांच्या आठवणीतून आतापर्यंत वहीत उतरले आहे. वर्तुळावरील प्रमेयांपाशी आम्ही दोघेही अडलो आहोत. स्पर्शिका शिकवताना सर सायकलचे चाक वर्गात आणीत, एवढे त्याला आठवते, पण त्या चाकाने ते नेमके काय दाखवीत, हे दोघांनाही आठवत नाही. आमच्या तुकडीतील किंवा आधीच्या-नंतरच्या कोणा विद्यार्थ्याच्या वाचनात हे पत्र आले आणि त्याला ते आठवत असेल, तर त्याने ते कृपया आपल्या वृत्तपत्राकडे लिहून पाठवावे.

आपला नम्र,
१९७५ च्या अकरावीतील एक विद्यार्थी, पुणे